ऐकणारं कोणीतरी

एमआरआय यंत्राच्या बोगद्यात आडवं पडायचं आणि मनातल्या मनात सांताक्लॉजकडे काहीतरी मागायचं. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठात उफे श्योट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस श्रद्धाळू ख्रिस्ती स्वयंसेवकांना हे काम दिलं होतं. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण त्या प्रयोगाची सगळी खुबी या सांताक्लॉजमध्येच होती.

कामं एकूण चार होती. स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलायचं. येशूने शिष्यांना शिकवलेली, लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना म्हणायची. तितकंच पाठ असलेलं एक बडबडगीत म्हणायचं. आणि सांताक्लॉजपुढे आपल्या इच्छा मांडायच्या. म्हणजे दोन कामं पाठांतराची आणि दोन मनाने जुळवायची. त्या प्रत्येक जोडीत एक देवाला उद्देशून, दुसरं नाही. चारही वेळा मेंदूच्या कोणत्या भागात रक्तपुरवठा वाढतो ते टिपायचं आणि एकमेकांशी ताडून बघायचं.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एक गोष्ट ठळक होती. स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलताना मेंदूचे जे भाग जागे झाले, ते आपण जिवंत माणसाशी वागताना वापरतो तेच होते. कपाळामागचा मधला भाग, कानशिलाच्या वरच्या बाजूचा एक सांधा, कानशिलाच्या खंडाचं पुढचं टोक. समोरच्याच्या मनात काय चाललं असेल याचा अदमास घेणं हे या भागांचं रोजचं काम. सून आज गप्प का आहे, मुलगा फोनवर 'बरा आहे' म्हणाला तेव्हा त्याचा आवाज खोल का गेला होता, हे आपण ज्या यंत्रणेने ओळखतो, तीच यंत्रणा देवाशी बोलताना कामाला लागली होती. सांताक्लॉजशी बोलताना ती तशी जागी झाली नाही. मागणं तर तिथेही होतं, शब्दही स्वतःचेच होते. पण तो खरा नाही आणि उलटून काही म्हणणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

यावरून देव आहे किंवा नाही, यातलं काहीच सिद्ध होत नाही. मेंदूविज्ञानाच्या हातात त्यासाठीचं मापच नाही. दिसतं ते एवढंच, की प्रार्थना करणाऱ्याच्या मेंदूपुरतं समोर कोणीतरी असतं.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती जनाबाई. तिचा विठ्ठल तिच्याबरोबर जात्यावर बसतो, शेण्या वेचतो, आणि ती त्याला एकेरीत हाक मारून खडसावतेही. नामदेवाच्या बालपणीची कथा तर घरोघरी सांगितली जाते: नैवेद्य समोर ठेवून हा मुलगा हटून बसतो, की तू खाल्ल्याशिवाय मी उठणार नाही. तुकोबा विठ्ठलाशी ज्या भाषेत भांडतात, ती भाषा माणूस परक्यापाशी कधीच वापरत नाही. वारकरी परंपरेने 'माउली' हा शब्द देवासाठी निवडला, त्यात नातं आधी येतं आणि तत्त्वज्ञान मागून. आरहूसच्या यंत्राने सातशे वर्षांनंतर त्या नात्याचा मेंदूतला पत्ता तेवढा शोधला.

हे नातं आपोआप जुळत नाही, त्याला सराव लागतो. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन यांनी अमेरिकेतल्या व्हिनयार्ड पंथाच्या चर्चमध्ये कित्येक वर्षं जाऊन माणसं पाहिली. तिथे प्रार्थना शिकवताना सांगतात, की देवासाठीही कपभर कॉफी ओता, खुर्ची ओढून घ्या आणि गप्पा मारा. आपल्याकडे ताटाभोवती पाणी फिरवून नैवेद्य दाखवणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. लुरमन यांनी पुढे शंभरावर लोकांना घेऊन प्रयोगही केला. एका गटाने महिनाभर रोज अर्धा तास कल्पनेत प्रसंग उभा करून प्रार्थना केली: येशू समोर आहे, त्याचा आवाज असा आहे, हवा अशी आहे. महिन्याअखेरीस या गटातल्यांची मनातली चित्रं अधिक स्पष्ट झाली होती आणि देव त्यांना जास्त जवळचा, माणसासारखा वाटू लागला होता. पेटीवर बोटं बसावी लागतात, तसं मनही बसवावं लागतं.

श्योट यांच्या प्रयोगाआधी बरीच वर्षं संशोधकांचा शोध दुसऱ्याच दिशेने चालला होता. मेंदूत एखादा 'देवाचा बिंदू' असेल आणि तो दाबला की साक्षात्कार होईल, अशी कल्पना वर्तमानपत्रांनाही फार आवडायची. कॅनडात सडबरी इथे मायकेल पर्सिंजर यांनी एक शिरस्त्राण तयार केलं. कानशिलांवर अतिशय मंद चुंबकीय क्षेत्र सोडलं, की अंधाऱ्या खोलीत बसलेल्या माणसाला कोणाची तरी चाहूल लागते, असा त्यांचा दावा होता. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात पेर ग्रांक्विस्ट यांच्या गटाने हा प्रयोग पुन्हा केला. चुंबक चालू आहे की बंद, हे बसलेल्या माणसालाही माहीत नव्हतं आणि प्रयोग घेणाऱ्यालाही. २००५ साली त्यांनी निकाल मांडला. चाहूल लागली ती मुळातच सूचनांना चटकन बळी पडणाऱ्या स्वभावाच्या लोकांना; चुंबक चालू होता की बंद, याने काही फरक पडला नाही. पुढल्याच वर्षी मॉन्ट्रियलमध्ये मारिओ बोरगार आणि व्हँसाँ पाकेत यांनी पंधरा कार्मेलाइट जोगिणींना यंत्रात झोपवून त्यांच्या आयुष्यातला सर्वांत उत्कट ईश्वरानुभव आठवायला सांगितला. मेंदूत एकाच ठिकाणी दिवा लागला नाही. भावना, शरीराची जाणीव, दृश्यं आणि स्वतःचं भान यांच्याशी संबंध असलेले कितीतरी भाग एकाच वेळी कामात होते.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तेव्हा असलेल्या अँड्र्यू न्यूबर्ग यांच्या दोन लहान अभ्यासांत तर उलटसुलट चित्र दिसतं. शांत बसून एखादं वचन घोळवणाऱ्या तीन फ्रान्सिस्कन जोगिणींच्या मेंदूत कपाळामागच्या भागात रक्तप्रवाह वाढला होता, म्हणजे अवधान एकवटलं होतं. भान हरपून अनाकलनीय शब्द उच्चारणाऱ्या पाच पेंटेकोस्टल स्त्रियांमध्ये त्याच भागातला प्रवाह घटला. शब्द आम्ही उच्चारत नाही, ते आपोआप येतात, असं या स्त्रियांचं सांगणं होतं. त्यांचा मेंदूही जणू तेच सांगत होता. तीन आणि पाच या संख्यांवर इमारत उभारता येत नाही, हे खरं. पण 'प्रार्थनेने मेंदूत अमुक होतं' असं एका वाक्यात सांगणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नये, एवढं समजायला त्या पुरेशा आहेत. शांत बसून जप करणारा आणि अंगात आलेला, हे दोघेही देवापाशीच असतात. मेंदूत मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या असतात.

जपाकडे वळलं, की गाठ आधी श्वासाशी पडते.

इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे लुचानो बर्नार्दी हे हृदयाचे अभ्यासक. त्यांनी तेवीस निरोगी माणसांना रोझरी या ख्रिस्ती जपमाळेतली मरियेची प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणायला लावली आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्रही जपायला लावला. एरवी आपण मिनिटाला बारा ते सोळा श्वास घेतो. दोन्ही जपांत तो आकडा सहाच्या आसपास उतरला. अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली दुसऱ्याने. हे एक आवर्तन साधारण दहा सेकंदांत पुरं होतं. आणि रक्तदाबात नैसर्गिकपणे ज्या मंद लाटा उठतात, त्यांचाही ताल सुमारे दहा सेकंदांचाच असतो. श्वास आणि या लाटा एका ठेक्यात आल्या, की रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तरतरीत होते. डिसेंबर २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा अभ्यास छापून आला.

गोव्यात संध्याकाळी घराघरातून 'तेर्स', म्हणजे रोझरीच, म्हणतात, तेव्हा एकाने सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी पूर्ण करायची, अशीच रीत असते. हरिपाठात ओळ आणि ध्रुवपद आळीपाळीने येतं, तिथेही श्वासाला आपसूक विसावा मिळतो. म्हणताना श्वास लांबवर सोडावा लागतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, कारण त्या वेळी व्हेगस नावाची मज्जातंतूंची लांब दोरी हृदयाला आवर घालते. भीतीने धडधडणाऱ्या छातीला 'शांत हो' असं सांगून काही होत नाही, पण श्वास लांबवला की ती ऐकते. माळ ओढणाऱ्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं. शतकानुशतकांच्या सवयीतून अशी लय टिकली, जी शरीराला मानवते.

जपाचा दुसरा परिणाम विचारांवर होतो. काहीच काम नसतं तेव्हाही मेंदू रिकामा बसत नाही. कालचं बोलणं उगाळतो, उद्याची चिंता विणतो, स्वतःच्या गोष्टी स्वतःलाच सांगतो. मेंदूच्या या रिकामपणच्या जाळ्याकडे अमेरिकेतल्या मार्कस राइकल यांनी २००१ साली लक्ष वेधलं. नैराश्यात हेच जाळं माणसाला पुन्हा पुन्हा त्याच गाळात ओढतं. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेत अविवा बर्कोविच-ओहाना आणि सहकाऱ्यांनी ध्यानाचा कसलाही सराव नसलेल्या माणसांना एकच शब्द मनात सावकाश म्हणत राहायला सांगितलं. शब्द होता 'एक'. देवाचं नाव नाही, गुरुमंत्र नाही. तरीही मेंदूच्या मोठ्या भागातली वर्दळ कमी झाली आणि सर्वांत जास्त ओसरली ती या रिकामपणच्या जाळ्यातली. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०११ साली बारा जणांवर झालेल्या प्राथमिक अभ्यासात मोठ्याने ओम म्हणताना भीतीशी जोडलेला उजवा अमिग्डाला आणि भावनांशी संबंधित इतर काही भाग शांत झालेले दिसले. तेवढाच वेळ नुसता 'स्स्स' असा आवाज काढला, तेव्हा तसं झालं नाही.

मग श्वास आणि एक शब्द एवढ्यावर भागत असेल, तर देव कशाला हवा? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की घटकाभराच्या शांततेसाठी बहुधा नकोच. पण माणूस प्रार्थना घटकाभराच्या शांततेसाठी क्वचितच करतो.

शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर बसलेली माणसं आठवा. आत काय चाललंय ते कळत नाही. करण्यासारखं काही उरलेलं नाही. पैसे भरून झाले, सह्या करून झाल्या. त्या बाकावर कोणाचे तरी ओठ हलत असतात. रामरक्षा असेल, दरूद असेल, रोझरी असेल. या अवस्थेचा नेटका अभ्यास रिचर्ड सोसिस आणि पेन हँडवर्कर यांनी इस्राएलमध्ये केला. २००६ च्या उन्हाळ्यात लेबनॉनमधून उत्तर इस्राएलवर चौतीस दिवस रॉकेटं पडत होती. सफेद या डोंगरी शहरातल्या धार्मिक ज्यू स्त्रिया त्या काळात स्तोत्रं म्हणत होत्या. काही जणी शहरातच राहिल्या, काही मुलाबाळांना घेऊन देशाच्या मध्यभागी निघून गेल्या. शहरात राहिलेल्यांमध्ये स्तोत्रं म्हणणाऱ्यांची चिंता कमी आढळली. निघून गेलेल्यांमध्ये असा संबंध दिसला नाही. त्यांचे त्रास वेगळे होते: दुसऱ्याच्या घरातली दाटी, कुरकुरणारी मुलं, संपत आलेले पैसे. त्यांवर काहीतरी करावं लागतं. स्तोत्राने खोली मोठी होत नाही. रॉकेट कुठे पडेल यावर मात्र कोणाचंच काही चालत नव्हतं, आणि तिथे स्तोत्र उपयोगी पडलं. प्रार्थनेचं खरं क्षेत्र कोणतं, याबद्दल मी वाचलेला सर्वांत प्रामाणिक पुरावा हाच.

वेदनेबाबतही असंच काहीसं दिसलं. ऑक्सफर्डमध्ये कात्या वीच यांच्या गटाने बारा कॅथलिक आणि बारा नास्तिक वा अज्ञेयवादी लोकांना विजेचे बारीक झटके दिले. समोर एकदा कुमारी मरियेचं चित्र होतं, एकदा लिओनार्दोने काढलेलं एका तरुणीचं. मरियेकडे पाहताना कॅथलिकांना झटका कमी बोचला, आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूत उजव्या कपाळामागचा एक भाग कामाला लागलेला होता. एखाद्या दुःखाकडे वेगळ्या अर्थाने पाहायचं असतं, तेव्हा हाच भाग उपयोगी पडतो. नास्तिकांना दोन्ही चित्रं सारखीच.

इथून पुढे प्रश्न पडतो तो समोरचा कोण आहे, याचा. ज्या ग्रांक्विस्टनी शिरस्त्राणाचा दावा मोडीत काढला, त्यांचं खरं काम वेगळंच आहे. मूल आईला कसं बिलगतं आणि तीच घडण मोठेपणी देवाशी असलेल्या नात्यात कशी उतरते, याचा अभ्यास त्यांनी वर्षानुवर्षं केला. अमेरिकेत ख्रिस्तोफर एलिसन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या सर्वेक्षणाच्या आधारे २०१४ साली दाखवलं, की ज्यांना देव जवळचा आणि भरवशाचा वाटतो, त्यांच्यात प्रार्थना वाढते तशी चिंतेची लक्षणं घटतात. ज्यांना तो दूरचा, बेभरवशाचा वाटतो, त्यांच्यात प्रार्थनेबरोबर लक्षणं वाढतात. प्रार्थना तीच, शब्दही कदाचित तेच. केनेथ पार्गामेंट यांनी रुग्णालयातल्या ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णांचा सुमारे दोन वर्षं मागोवा घेतला. देवाने मला टाकलं, त्याचं माझ्यावर प्रेम नाही, अशा झगड्यात असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला, आजाराची तीव्रता हिशेबात धरल्यावरही. तुकोबांचं भांडण यातलं नव्हे, असं मला वाटतं. भांडणाऱ्याला समोर कोणीतरी आहे याची खात्री असते. टाकलेल्याला वाटत असतं, की पलीकडे कोणी उरलंच नाही.

मुलांना देवाची ओळख करून देताना 'खोटं बोललास तर बाप्पा शिक्षा करेल' हे वाक्य आपण किती सहज वापरतो. त्या मुलाच्या रात्रीच्या प्रार्थनेपलीकडे आयुष्यभर कोण बसणार, हे आपण तिथे ठरवत असतो.

दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेचं काय? हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखाली सहा रुग्णालयांतल्या १८०२ बायपास रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने २००६ साली याचं उत्तर दिलं. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही: आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे माहीत नसलेल्या दोन गटांत ती ५२ आणि ५१ टक्के होती. तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे, असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के. आपण इतके आजारी आहोत का, या धास्तीने असं झालं असावं, असा एक तर्क आहे. प्रार्थनेचा जो परिणाम मोजता आला आहे, तो करणाऱ्याच्या ठायी.

आता धोक्याकडे. श्योट यांच्याच गटाने २०११ साली श्रद्धाळूंना प्रार्थनेच्या ध्वनिफिती ऐकवल्या आणि सांगितलं, की यातल्या एका आवाजाच्या माणसाकडे रोग बरा करण्याची शक्ती आहे. खरं तर तो आवाजही साध्याच माणसाचा होता. पण 'शक्ती' असलेला आवाज सुरू झाला, की ख्रिस्ती ऐकणाऱ्यांच्या मेंदूतले पारख करणारे, तपासून पाहणारे भाग मंदावले. भोंदू बाबाच्या दरबारात शिकलेली माणसंही दागिने काढून का देतात, हे मला हा अभ्यास वाचल्यावर अधिक समजलं. त्यांची अक्कल कमी नसते. त्या घटकेला ती पहाऱ्यावर नसते.

काही आजार प्रार्थनेचंच रूप घेतात. मराठीत ओसीडीला 'मंत्रचळ' म्हणतात. मंत्रात चूक झाली की डोकं फिरतं, या जुन्या समजुतीतून तो शब्द आला. आजाराचा खरा क्रम उलटा असतो: मेंदूतलं शंकेचं चक्र अडकतं आणि माणूस स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागतो, कारण एक अक्षर चुकल्यासारखं वाटलं. एकदा, दहादा, पहाटेपर्यंत. घरचे आधी कौतुक करतात, किती देवभक्त म्हणून. ओळखायची खूण अशी, की भक्तीनंतर माणूस सैलावतो आणि मंत्रचळात तो आणखी आवळत जातो. यावर औषधं आहेत, वर्तनोपचार आहेत, आणि ते गुण देतात.

नैराश्यात वेगळंच घडतं. रोज पूजा करणारी बाई सांगते, 'देवापुढे बसते, पण आतून काहीच येत नाही.' आणि वर स्वतःलाच दोष देते, की माझी श्रद्धाच कमी पडली. गोड लागणं, गाणं आवडणं, नातवाला पाहून हसू येणं, हे ज्या आजारात आटतं, त्यात प्रार्थनेतला ओलावाही आटतो. हे आजाराचं लक्षण आहे. तिला 'अजून नामस्मरण कर' म्हणणं म्हणजे मोडक्या पायाने पळायला सांगणं. तिला डॉक्टरकडे न्यायला हवं, आज.

६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका मनोरुग्ण निवासाच्या झोपडीला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. दर्ग्यात दुआ मागितली की बरं वाटेल, या आशेने त्यांना घरच्यांनी तिथे आणून ठेवलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी घातली.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावी मीरा दातार यांचा दर्गा आहे. तिथेही दूरदूरहून मनोरुग्णांना आणतात. तिथे सुरू झालेल्या एका उपक्रमाचं नाव 'दवा-दुआ'. मुजावरांना मानसिक आजाराच्या खुणा ओळखायला शिकवलं, आणि दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसू लागले. मुजावर आधी दुआ करतो, कारण आलेला माणूस त्याच्याचसाठी आलेला असतो आणि त्याचंच ऐकतो. मग तोच मुजावर त्याला डॉक्टरकडे पाठवतो, आणि गोळ्या रोज घ्यायला सांगतो.